उजवा हात म्हणजे जेवायचा हात
(युवा शिबिरातील भाषण)



मी सॉफ्टवेअरवाला. तरी नाटकावर बोलायला उभा आहे, कारण मुलींच्या शिक्षणावरचं आपलं पथनाट्य मी लिहिलं होतं. प्रयोग आमच्याच मोहल्ल्यात झाला. संवाद पाठ, उभं राहायच्या जागा ठरलेल्या, घोषणा जोरात. टाळ्याही पडल्या. शेवटी शेजारच्या खाला म्हणाल्या, "बेटा, तकरीर अच्छी थी." मी नाटक केलं होतं, त्यांनी तकरीर ऐकली. त्यांच्याच नातीची शाळा आठवीनंतर सुटली होती, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर मी हबीब तन्वीर यांच्याबद्दल वाचायला लागलो. जन्म १९२३ चा, रायपूरचा. पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. पुढे मुंबईत रेडिओ, पत्रकारिता आणि इप्टा. १९५४ मध्ये त्यांनी दिल्लीत नज़ीर अकबराबादींवर 'आग्रा बाज़ार' केलं. जामियाच्या विद्यार्थ्यांबरोबर ओखला गावातली माणसंही त्यात होती. नाटकात एका काकडीवाल्याचा माल खपत नाही. त्याला काकडीवर कविता हवी असते. बडे शायर दाद देत नाहीत, नज़ीर लिहून देतात आणि काकडी खपते. गंमत म्हणजे नज़ीर रंगमंचावर एकदाही येत नाहीत. त्यांची कविता बाजारातली माणसंच गातात.

नंतर हबीबसाहेब इंग्लंडला गेले, लंडनच्या 'राडा'मध्ये नाट्यशिक्षण घेतलं. १९५८ मध्ये परतल्यावर छत्तीसगडच्या 'नाचा'तले सहा कलाकार त्यांनी दिल्लीला आणले. १९५९ मध्ये मोनिका मिश्रा यांच्यासोबत 'नया थिएटर' सुरू केलं. वाटेल, आता सगळं जमलं. पण पुढची कित्येक वर्षं जमत नव्हतं.

गावात रात्र रात्र लोकांना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीत अवघडून जायचे. हबीबसाहेब सांगायचे, संवाद हिंदीत बोला, या वाक्याला उजवीकडे जा. नट गोंधळायचे. हे वैतागून विचारायचे, जेवायचा हात कोणता, एवढंही कळत नाही? चूक आपली आहे, हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं आणि ते त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. नाचाचा प्रेक्षक कडेकडेने बसलेला असतो. जिकडून दाद येईल तिकडे नट वळतो. त्याला खडूने आखलेली जागा काय कामाची? शिवाय भाषा परकी. मायबोली काढून घेतली तर हसवणारा माणूसही मुका होतो.

मग त्यांनी नटांना छत्तीसगढीत बोलू दिलं, प्रसंग त्यांनाच रचू दिले. १९७३ च्या रायपूरच्या कार्यशाळेत ही वाट सापडली आणि १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आलं. खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेला चोर त्या व्रतापायी जीव गमावतो. १९८२ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला. भाषा छत्तीसगढीच होती.

विरोधही झाला. अस्पृश्यतेवरचं 'पोंगा पंडित' हे नाचा कलाकारांचं जुनं नाटक. ते वर्षानुवर्षं होत होतं. १९९२ नंतर मात्र त्यावर हल्ले होऊ लागले आणि बोट दाखवलं गेलं ते हबीब तन्वीर या नावाकडे. त्यांनी प्रयोग थांबवले नाहीत.

हे तुम्हाला का सांगतोय? 'वंचितांपर्यंत नाटक नेऊ या' असं आपण म्हणतो, तेव्हा नाटक आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, असं गृहीत धरतो. मीही तेच केलं. माझ्या पुस्तकी मराठीत खालांच्या घरचं दुःख खालांनाच समजावून सांगितलं.

पुढच्या नाटकाची संहिता मी लिहिलेली नाही. दर रविवारी आम्ही खालांच्या अंगणात बसतो. त्या दखनीत बोलतात, मध्येच मराठीत येतात, मध्येच शिव्या घालतात. परवा नात म्हणाली, "शाळेत जायचा रस्ता मी करून दाखवते." आणि चालून दाखवलं. कोणत्या कोपऱ्यावर मान खाली घालायची, कुठे पावलं भरभर टाकायची. आमच्यापैकी कुणालाही हे लिहिता आलं नसतं.

ती त्या रस्त्याने पुन्हा शाळेत जाईल का, मला माहीत नाही. घरात बोलणी चालू आहेत. पण यावेळी बोलणारी ती स्वतः आहे.