बँकांचे विलीनीकरण आणि महिला कर्मचारी



दोन संस्था एकत्र येतात तेव्हा त्यांचे ताळेबंद एका दिवसात जुळतात. माणसे जुळण्यास मात्र काळ लागतो. भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे विलीनीकरण हे याचे ठळक उदाहरण होय.

१ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक यांचे भारतीय स्टेट बँकेत विलीनीकरण झाले. २०१९ मध्ये विजया व देना या बँका बँक ऑफ बडोदामध्ये समाविष्ट झाल्या, तर १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार बँका झाल्या. परिणामी, २७ असलेली या बँकांची संख्या १२ वर आली.

यांपैकी भारतीय महिला बँकेची स्थापना २०१३ मध्येच झाली होती. तिच्या विलीनीकरणाचे समर्थन केंद्र सरकारने मार्च २०१७ मध्ये आकडेवारीच्या आधारे केले. या बँकेने तीन वर्षांत महिलांना १९२ कोटी रुपयांची कर्जे दिली, तर स्टेट बँक समूहाने सुमारे ४६,००० कोटींची. स्टेट बँकेच्या सुमारे दोन लाख कर्मचाऱ्यांमध्ये महिलांचे प्रमाण २२ टक्के होते. आर्थिकदृष्ट्या हा युक्तिवाद सबळ होता. तथापि, २२ टक्के हे उपस्थितीचे मोजमाप आहे. कामातील समरसतेचे नव्हे.

समरसतेची संकल्पना विल्यम कान यांनी १९९० मध्ये मांडली. त्यांच्या मते कर्मचारी कामात मनापासून सहभागी होण्यास तीन गोष्टी लागतात: कामातील अर्थपूर्णता, मोकळेपणाने बोलण्याची सुरक्षितता आणि कामासाठी लागणाऱ्या शारीरिक व मानसिक शक्तीची उपलब्धता. विलीनीकरणात या तिन्ही गोष्टींना धक्का बसतो. ज्येष्ठता यादी नव्याने तयार होते व जुने पद संदिग्ध बनते. नव्या वरिष्ठांपुढे शंका विचारण्याचा संकोच वाटतो. जवळजवळच्या शाखा एकत्र केल्या जातात व बदल्या वाढतात.

हा धक्का सर्वांनाच बसतो. परंतु समान बसत नाही. बालसंगोपन व वृद्धांची शुश्रूषा यांचा भार आपल्या समाजात मुख्यतः स्त्रियांवर असतो. त्यामुळे दूरच्या बदलीच्या भीतीने पात्र महिला पदोन्नतीच नाकारते. नोंदीत हा तिचा स्वेच्छानिर्णय ठरतो. प्रत्यक्षात बँक एक अनुभवी अधिकारी गमावते. बँकांच्या वरिष्ठ श्रेणींमध्ये महिला कमी दिसण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

याबाबत काही उपाय निश्चितच झाले. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या वा आईवडिलांच्या वास्तव्याच्या ठिकाणाजवळ नेमावे, अशी सूचना केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्ये केली. अरुंधती भट्टाचार्य यांच्या अध्यक्षपदाच्या काळात स्टेट बँकेने महिलांना कौटुंबिक जबाबदाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या रजेची सोय दिली. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. परंतु हे उपाय प्रामुख्याने तिसऱ्या अटीची, म्हणजे उपलब्धतेची, पूर्तता करतात. पहिल्या दोन अटींसाठी रजा पुरेशी नाही.

त्यासाठी ज्येष्ठता व बदलीचे निकष विलीनीकरणापूर्वीच जाहीर व्हावेत. ते ठरविणाऱ्या समित्यांवर सर्व श्रेणींतील महिलांना प्रतिनिधित्व असावे. तसेच राजीनामे व नाकारलेल्या पदोन्नती यांची स्त्री-पुरुषनिहाय नोंद ठेवून ती संचालक मंडळापुढे मांडली जावी. विलीनीकरणाचे यश ताळेबंदात शोधले जाते. त्याची खरी किंमत मात्र या नोंदींतूनच कळू शकेल.