वस्तऱ्याची धार
(येडशी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



शाळामास्तरानें हातांत वस्तरा घेऊन भाषणास उभें राहावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस हसूं आलें. खुशाल हसावें, परंतु अर्धी घटका ऐकून घ्यावें. मुळाक्षरें ही जशी विद्या आहे, तशीच हत्याराला धार लावणें हीहि विद्या आहे. एक पाटीवर शिकवितात म्हणून थोर आणि दुसरी दगडावर शिकवितात म्हणून हलकी, असें ज्यांनीं ठरविलें त्यांची दाढी मात्र कारागिराच्याच हातानें होत होती!

आज दुकानांत बदलत्या पात्याचा वस्तरा असतो. एक दाढी झाली कीं पातें फेकावें. तें योग्यच आहे. एकाचें रक्त लागलेलें पातें दुसऱ्यास लागलें, तर हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एड्स या रोगांचे विषाणू अंगांत शिरूं शकतात. म्हणून दुकानांत आपल्यासमोर नवें पातें घालावयास सांगण्यास कोणीं लाजूं नये. परंतु घरीं, एकट्या आपल्यासाठीं, जुना अखंड वस्तरा ठेवला तर तो जन्मभर पुरतो. मात्र त्याला धार लावतां आली पाहिजे. ती विद्या आतां थोड्या म्हाताऱ्या हातांतच उरली आहे.

आम्ही हा वस्तरा हातीं धरला तो चाळिशी उलटल्यावर. ट्रेनिंग कॉलेज पास झालेल्या मनुष्यास वस्तऱ्याचें काय मोठें, अशी आमची घमेंड होती. पहिल्याच दिवशीं चामोटीवर धार पुढें करून वस्तरा चालविला. चामोटी चिरली, धार मुडपली, आणि हनुवटी कापून घेऊन आम्ही शाळेंत गेलों. पोरें हसलीं. संध्याकाळीं एका वृद्ध नाभिक गृहस्थांकडे गेलों. त्यांस सारे तात्या म्हणतात. ते म्हणाले, "गुरुजी, दगडावर तोंड फुडं, कातड्यावर पाठ फुडं. एवढं ध्यानात ठिवा, बाकी हात शिकीवतोय." सगळें शास्त्र या एका वाक्यांत आहे. तें आम्ही उकलून सांगतों.

वस्तऱ्याची पाठ जाड आणि धार पातळ असते. दगडावर पाणी टाकून वस्तरा निजवावा. पाठ आणि धार दोन्ही दगडास टेकलीं पाहिजेत. पाठीच्या जाडीनेंच धारेचा कोन ठरतो, म्हणून पाठ कधीं उचलूं नये. धार पुढें ठेवून हलक्या हातानें ढकलावें. परततांना पाठीवरून उलटवावें, धारेवरून नव्हे. दगडावर जोर देणारा वस्तरा झिजवितो, पाजवीत नाहीं. धार पार गेली असेल तर हजार नंबरच्या दगडापासून आरंभ करावा, मग चार हजार, शेवटीं आठ हजार. धार उजेडाकडे धरून पाहावी. जेथें पांढरी रेघ चमकेल तेथें ती बोथट आहे असें समजावें. हातावरचे केंस हलक्या स्पर्शानें तुटूं लागले म्हणजे दगडाचें काम झालें.

दगड महिन्यामहिन्यांनीं लागतो. चामोटी मात्र रोजची. दाढीपूर्वीं पंचवीस-तीस वेळां, पाठ पुढें करून फिरवावें. चामोटी ताणून धरावी. ती सैल राहिली तर धार गोल होते.

आतां दाढी. ऊन पाण्यानें केंस चांगले भिजवावे, साबणाचा दाट फेंस करावा. एका हातानें कातडी ताणावी. वस्तरा गालाशीं काटकोनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका कलता धरून, केंस ज्या बाजूस निजतात त्या बाजूस आंखूड आंखूड ओढावा. आडवा कधींहि सरकवूं नये, तेथेंच कापतें. पहिला आठवडा नुसते गाल करावे. हनुवटी आणि गळा हात बसल्यावर. वस्तरा निसटला तर झेलूं नये, पडूं द्यावा. काम संपतांच पुसून कोरडा करावा व तेलाचा थेंब लावावा. आपलें गांव बालाघाटाच्या डोंगरांत. पावसाळ्याच्या ओलीनें वस्तऱ्यावर लवकर गंज धरतो. आणि पोरांच्या हातीं लागेल असा तो कधींहि ठेवूं नये.

धारेइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे धार कोणावर चालवावी. विधवा झालेल्या मुलीबाळींचें केशवपन करण्याचें काम उच्चवर्णीयांच्या रूढीनें न्हाव्याच्या गळ्यांत बांधलें होतें. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक बांधव एकत्र जमले आणि हें काम आम्ही करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. शास्त्र्यांचे वादविवाद चालूच होते. कारागिरांनीं हत्यार खालीं ठेवलें! परंतु हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अस्पृश्य म्हणविलेल्या आपल्या भावांच्या गालास अनेक गांवांत हाच वस्तरा लागत नव्हता. १९५५ च्या कायद्यानें असा नकार गुन्हा ठरला. कायदा झाला तरी मनाची धार आपली आपणच लावावी लागते.

शेवटीं एक विनंति. तात्यांनीं रविवारीं सकाळीं शाळेच्या ओसरीवर शिकविण्याचें कबूल केलें आहे. ज्याचा त्यानें आपला वस्तरा आणावा. दुसऱ्याचा घेऊं नये. नाभिकांच्या मुलांनीं आजोबांची धोकटी खुंटीवरून उतरवावी. तिची लाज वाटण्याचें कारण नाहीं. आणि शिकणाऱ्यानें तात्यांस रोख मोल द्यावें. खळ्यावर पसाभर दाणे टाकून उपकार केल्यासारखें वागण्याचे बलुत्याचे दिवस गेले. आम्हीं आमचें मोल आधींच दिलें आहे. आणि आमची हनुवटी आतां आपण जवळून पाहिली तरी चालेल.