आधी काटा, मग देणगी



सावेडीतल्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. उद्योगाने समाजासाठी पैसा खर्च केला तर ग्राहक त्याच्याशी बांधला जातो का, हा आपल्यापुढचा प्रश्न. बांधला जातो, पण मूळ व्यवहार चोख असेल तरच, असं माझं मत आहे. ते का, हे थोडक्यात मांडतो.

आधी कायदा पाहू. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४पासून लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. खर्चात आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व मात्र या खर्चात धरता येत नाही. म्हणजे ग्राहक मिळवण्यासाठी हा पैसा नाही, असं नियमच सांगतो. शिवाय आपल्या नागापूर एमआयडीसीतले अनेक कारखाने सुटे भाग आणि यंत्रं बनवतात. त्यांचा ग्राहक पुण्याला, चेन्नईला नाहीतर परदेशात. ज्या गावात ते शाळेची खोली बांधतात, त्या गावातलं कुणी त्यांचा माल विकत घेत नाही. मग निष्ठेचा हिशेब मांडायचा कुणाच्या खात्यावर?

याचं उत्तर शोधायला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०च्या सुमारास त्याचं धुराडं पेटलं. १९६४मध्ये तिथे प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. पुढे संगमनेर, कोपरगाव, सोनई अशा गावोगावी कारखान्यांच्या आधाराने शाळा, महाविद्यालयं निघाली. कंपनी कायद्यातल्या २ टक्क्यांच्या कितीतरी आधी इथला ऊस उत्पादक आपल्याच टनेजमधून कपात सोसून पोरांची शाळा बांधत होता. शेतकऱ्याच्या दोन पिढ्या त्यातून शिकल्या. हे ऋण जिल्हा विसरलेला नाही.

तरीही गळीत हंगाम सुरू झाला की तोच शेतकरी काय विचारतो? भाव किती, पैसे कधी आणि काटा कसा? उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १४ दिवसांत द्यायची, असा कायदा आहे. ती थकली किंवा काट्यावर शंका आली की शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याची ऊसतोड टोळी थेट बांधावर येते. मुलगा ज्या कॉलेजात शिकला, त्या कॉलेजचा कारखाना सोडून ऊस दुसरीकडे जातो. यात कृतघ्नपणा नाही. काटा मारणाऱ्याने देऊळ बांधलं तरी गिऱ्हाईक पिशवी घरी नेऊन पुन्हा तोलतंच.

व्यवहार आणि समाजकार्य एका दिशेने चाललं की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी सुरुवातीला तयार नव्हता. नांगर शेतात टिकला, तेव्हा विश्वास बसला. मग १९२०मध्ये किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेल्या या अंकातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडलं, १९३०मध्ये ‘स्त्री’ आलं. ज्यांनी कधी नांगर धरला नाही, त्या घरांतही ते नाव आदराने गेलं. पण आधी नांगर पक्का होता, हे विसरू नका.

बाहेरच्या जगातही हाच अनुभव. १९८३मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने ग्राहकाच्या प्रत्येक कार्डव्यवहारामागे एक सेंट स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला दिला. सुमारे १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही चांगलाच वाढला. उलट, सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनला शाश्वततेच्या नामांकित निर्देशांकात वाहनउद्योगात अव्वल स्थान मिळालं. त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतली लबाडी उघड झाली आणि ते स्थान गेलं. पर्यावरणाचे अहवाल छापून गाडीचा धूर झाकता आला नाही. भट्टाचार्य आणि सेन या अभ्यासकांनी २००४मध्ये दाखवून दिलं की कंपनीचं समाजकार्य मुळात पुष्कळ ग्राहकांना माहीतच नसतं, आणि माहीत झालं तरी मालाच्या दर्जाची उणीव ते भरून काढत नाही.

मग समाजकार्य व्यर्थ का? मुळीच नाही. ज्याचा काटा सरळ आहे, त्याला एखादी चूक झाली तर लोक सांभाळून घेतात, ते या कामामुळे. मंदीत कामगार थांबतो, गाव रस्ता अडवत नाही, जुना ग्राहक दोन रुपयांच्या फरकासाठी दुसरीकडे वळत नाही. ही मिळकत ताळेबंदात दिसत नाही, पण अडचणीच्या वर्षी ती उपयोगी पडते.

या परिषदेने तीन गोष्टींवर ठराव करावा, असं मी सुचवतो. एक, सामाजिक निधीचा अहवाल छापणाऱ्या कंपनीने शेजारच्याच पानावर ग्राहकांच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, तेही छापावं. दोन, एकदा फीत कापून निघून जाण्यापेक्षा एकच गाव, एकच काम निदान पाच वर्षं धरावं; दुष्काळी पाथर्डी किंवा जामखेडमध्ये बांधलेल्या बंधाऱ्यातला गाळ पुढच्या वर्षीही काढावा लागतो. तीन, खर्च कुठे करायचा हे ठरवताना ग्रामसभेला विचारावं. फलकाचा आकार नंतर ठरवता येईल.

इथल्या गुलमोहर रोडवरच्या लहान दुकानदाराला कलम १३५ लागू नाही. तरी अडचणीच्या महिन्यात उधारीची वही बंद न करणारं दुकान कोणतं, हे गल्लीला पाठ असतं. मोठ्या उद्योगांनी सल्लागारांकडे जाण्याआधी त्या दुकानात जाऊन बसावं, एवढीच विनंती.