अब्बांची डॉबी आणि आमचा रविवारचा वर्ग



संयोजकांनी विषय दिला तो असा : प्राथमिक शाळेतल्या मुलांना कला, डिझाइन आणि तंत्रज्ञान कसं शिकवावं. मी शिक्षक नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि महिन्यातले दोन रविवार माझ्या गावी, इचलकरंजीत, तिसरी-चौथीच्या मुलांचा वर्ग घेतो. त्याला चार वर्षं झाली. पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

मी सहा जुने लॅपटॉप जमवले, त्यावर स्क्रॅच टाकलं आणि मोठ्या उत्साहात गल्लीतल्या हॉलमध्ये मांडले. मुलं होती सव्वीस. पहिल्या दहा मिनिटांत माऊस पोरांच्या हातात गेले आणि मुली मागे उभ्या राहून बघू लागल्या. तीन महिने हेच चाललं. एकदा वीज गेली म्हणून मी सगळ्यांना कागद दिले आणि म्हटलं, आपापलं घर काढा. सव्वीस कागदांवर एकच चित्र आलं : दोन डोंगर, मधोमध सूर्य, नदी, नारळाचं झाड आणि उतरत्या छपराचं घर. आमच्या गल्लीतून डोंगर दिसत नाही, नदी दिसत नाही. दिसतात ते पत्र्याचे शेड, ऐकू येतो मागांचा खडखडाट. एकाही मुलाने ते काढलं नव्हतं. मुलांना नक्कल करायला शिकवलं गेलं होतं आणि मीही लॅपटॉपवर तेच करत होतो.

मग मी लॅपटॉप बाजूला ठेवले. चौकटीचा कागद घेतला, आठ बाय आठ चौकोनांचा. एका मुलाने काही चौकोन काळे करून नक्षी काढायची. दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून बसायचं. पहिल्याने नुसतं बोलून सांगायचं आणि दुसऱ्याने ती नक्षी उतरवायची. पहिल्या दिवशी एकही नक्षी जुळली नाही. हशा झाला, भांडणं झाली. "तू सांगितलंसच चुकीचं!" "तू ऐकलंसच नाही!" मग मुलांनीच नियम केले. डावीकडून सुरुवात करायची, ओळ संपली की 'खाली' म्हणायचं. तिसऱ्या रविवारी एक जोडी 'काळा, काळा, काळा, पांढरा' म्हणायचं सोडून 'तीन काळे, एक पांढरा' म्हणू लागली. फॅक्स यंत्रं कागदावरचं चित्र तारेवरून पाठवताना याच कल्पनेवर चालायची. मी इंजिनिअरिंगला हे पाठ केलं होतं. त्या दोघांनी ते स्वतः शोधलं.

त्याच दिवशी चौथीतली एक मुलगी कागद धरून म्हणाली, "सर, हे तर माझ्या अब्बांच्या डॉबीसारखं हाय की!"

ज्यांनी यंत्रमाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉबी म्हणजे मागावर नक्षी विणणारी यंत्रणा. त्यात भोकं असलेल्या लाकडी पट्ट्यांची साखळी असते. भोकात खुंटी असेल तर ताण्याच्या धाग्यांची ती चौकट उचलली जाते, नसेल तर खालीच राहते. खुंटी आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्समध्ये जाकार्डने १८०४ साली हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर केलं. त्यावरून चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला पुठ्ठ्यांवरून हुकूम द्यायचं ठरवलं. पुढे कितीतरी वर्षं संगणकाचे प्रोग्रॅम अशाच कार्डांवर लिहिले जात होते. म्हणजे माझ्या व्यवसायाचं एक मूळ मागाच्या खात्यात आहे.

आता एक कबुली देतो. माझे अब्बाही जॉबर होते. माग बिघडला की मालक त्यांनाच हाक मारायचे. नवीन नक्षी बघून खुंट्या कुठे बसवायच्या हे ते बोटांवर मोजून सांगत. ते सातवीपर्यंत शिकलेले. इंजिनिअरिंगच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा मी 'खाजगी नोकरी' असं लिहिलं. जॉबर लिहायची मला लाज वाटली होती. ते आता हयात नाहीत. ती मुलगी भर वर्गात 'माझ्या अब्बांची डॉबी' म्हणाली, तेव्हा मला काही क्षण बोलता आलं नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्या अब्बांना वर्गात बोलावलं. आधी ते तयार नव्हते. "सर, पोरांना इंग्रजी शिकवा. चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" हा प्रश्न त्यांनी तोंडावर विचारला आणि तो चुकीचा नाही. ज्याची पाळी बारा तासांची आहे त्याने तो विचारायलाच हवा. मी म्हटलं, "भाई, एकदा या, डॉबी समजावून सांगा, मग ठरवा." ते दोन पट्ट्या आणि मूठभर खुंट्या घेऊन आले. तासभर मुलं त्यांना सोडेनात. जाताना म्हणाले, "मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं." त्यानंतर त्यांची मुलगी एकदाही गैरहजर राहिली नाही.

काही पालकांनी सांगितलं, माणसांची-जनावरांची चित्रं नकोत. मी वाद घातला नाही. कंपास दिला. एक वर्तुळ काढा, कंपासचं माप तेच ठेवून त्याच्या कडेवर सहा खुणा करा, प्रत्येक खुणेवर पुन्हा तेवढंच वर्तुळ. पाकळ्यांचं फूल तयार होतं आणि त्यातून षटकोनांची जाळी निघते. आपल्या मशिदी-मकबऱ्यांच्या जाळ्यांत अशीच भूमिती आहे. मुलांनी मग गल्लीतल्या खिडक्यांच्या जाळ्या मोजून आणल्या.

डिझाइनसाठी मी एकच काम दिलं : घरातल्या एका माणसाची एक अडचण शोधा. एका मुलाच्या दादीला वाचता येत नाही, सकाळची आणि रात्रीची गोळी बदलते. त्याने दोन डब्या केल्या. एकीवर सूर्य, दुसरीवर चांद. दादीला दाखवल्यावर ती म्हणाली, "ही ईदची गोळी का रे?" पोरगं हिरमुसलं. मी विचारलं, चूक कुणाची? बराच विचार करून म्हणाला, "डबीची." मग त्याने दादीलाच विचारून एकीवर चहाचा कप काढला आणि दुसरीवर अंथरूण. आता गोळी बदलत नाही. माझ्या कंपनीत अजूनही वापरणाऱ्याला दोष देणारी माणसं आहेत. तिसरीतल्या पोराने तो दोष डबीला दिला.

हे सगळं शाळेतच व्हायला नको का? हवं. पण कागदावर बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला आणि कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक आहेत ते सहावी ते आठवीसाठी, तेही पटसंख्या शंभरावर असेल तर. अटल टिंकरिंग लॅब सहावीपासून पुढे. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही कोडिंग येतं ते सहावी ते आठवीच्या टप्प्यावर. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. ज्याच्या घरी पैसे आहेत तो क्लास लावतो. आमच्या मुलांना सहावीत लॅब मिळेलही, पण तोवर 'हे आपल्याला जमणार नाही' हे त्यांनी, विशेषतः मुलींनी, ठरवून टाकलेलं असतं.

हाताने काम करत शिकणं ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. १९३७ साली याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, नई तालीमची परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षणाचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. त्यांच्या तसबिरी आपण लावतो, मग हे कामही आपलंच आहे.

तेव्हा जाण्याआधी तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो.

एक. आपल्या मोहल्ल्यातल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेची व्यवस्थापन समिती कोण चालवतं ते विचारा. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्या आपांना, भाभींना तिथे बसवा. आठवड्याला दोन तास हाताच्या कामासाठी मागा.

दोन. गल्लीतले कारागीर वर्गात न्या. जॉबर, सुतार, शिलाईवाल्या खाला, गवंडी. पैसे लागत नाहीत, फक्त मानाने बोलवावं लागतं.

तीन. संगणक आणाल तेव्हा माऊस आधी मुलींच्या हातात द्या. मी दिला नव्हता, म्हणून सांगतो.

ती मुलगी आता सातवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. तिने मला तो अर्ज दाखवला. तिने लिहिलं होतं : जॉबर, डॉबी माग.