एडनच्या आश्रमातील सेविका

एडन हे नाव मराठी माणसाला परके नाही. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी आयुष्याची अखेरची वर्षे त्याच गावच्या तुरुंगात काढली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच देह ठेवला, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. इंग्रजांनी १८३९ साली हे बंदर घेतले, तेव्हापासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईशी जोडलेला होता. विलायतेस जाणारी कित्येक जहाजे वाटेत तेथे कोळसा-पाणी घेत असत. उघडेबोडके डोंगर, त्यांच्या कुशीत वसलेली वस्ती आणि समोर अथांग समुद्र, असे त्या गावाचे रूप.

श्रोतेहो, त्या एडनचे नाव २०१६ सालच्या मार्च महिन्यात भारतातील वृत्तपत्रांत पुन्हा ठळक अक्षरांत छापून आले. या वेळी कारण होते एका वृद्धाश्रमातील सोळा माणसांच्या हत्येचे.

हा आश्रम मदर तेरेसा यांनी १९५० साली कलकत्त्यात स्थापिलेल्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संस्थेचा. निळ्या काठांची पांढरी साडी नेसणाऱ्या या भगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर चौथे एक व्रत घेतात: गरिबांतल्या गरिबाची विनामूल्य व मनोभावे सेवा करण्याचे. येमेनमध्ये त्या स्वतःहून शिरल्या नव्हत्या. आजारी व वृद्ध माणसांची शुश्रूषा करावी म्हणून तत्कालीन उत्तर येमेनच्या सरकारनेच १९७३ साली त्यांना बोलावले होते. पुढे उत्तर व दक्षिण येमेन १९९० साली एक झाले आणि १९९२ पासून एडनचा आश्रम चालू झाला. तेथील रहिवासी जवळजवळ सारे मुसलमान. कोणी अंथरुणाला खिळलेले, कोणी बुद्धीने अधू, कोणी घरच्यांनी टाकलेले. त्यांना न्हाऊमाखू घालणे, भरविणे, जखमा धुणे, रात्री उशाशी बसणे, हेच त्या भगिनींचे मिशनकार्य. त्याहून निराळा धर्मोपदेश त्या देशात शक्य नव्हता आणि त्यांनी तो केलाही नाही.

संकट काही एकाएकी आले नाही. २७ जुलै १९९८ रोजी होदेदा या बंदराच्या गावी याच संस्थेच्या तीन भगिनींना एका माणसाने गोळ्या घालून ठार केले होते. त्यांपैकी दोघी भारतीय होत्या व तिसरी फिलिपिन्सची. त्यांची जागा रिकामी राहिली नाही. दुसऱ्या भगिनी आल्या आणि काम पुढे चालू राहिले. मग २०१४ सालच्या सप्टेंबरात हूथी बंडखोरांनी राजधानी साना ताब्यात घेतली. २०१५ च्या मार्चअखेर सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले आणि खुद्द एडनच्या रस्त्यांवर लढाई पेटली. त्या वेळी भारत सरकारने जहाजे व विमाने पाठवून चार हजार सहाशेहून अधिक भारतीयांना आणि त्यांच्याबरोबर सुमारे एक हजार परदेशीयांना येमेनमधून सुखरूप बाहेर काढले. भगिनींनाही परत येता आले असते. त्या आल्या नाहीत.

हे धाडस होते की अविचार, असा प्रश्न त्या काळी अनेकांनी केला आणि तो गैर नव्हता. परंतु त्या आश्रमाचे चित्र डोळ्यांपुढे आणले, म्हणजे उत्तर आपोआप मिळते. साठ-ऐंशी माणसे अशी, की ज्यांना उठून दारापर्यंत जाता येत नाही. त्यांना घेऊन जाणारे जहाज कोठल्याच सरकारने पाठविलेले नाही. ज्या हाताने रोज घास भरविला, तो हात एके सकाळी नाहीसा झाला, तर त्यांनी कोणाकडे पाहावे? आई आजारी मुलाला टाकून जीव वाचवायला पळत नाही. त्या भगिनींनी आईचा हाच साधा न्याय पाळला.

४ मार्च २०१६ हा शुक्रवार होता आणि ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू होता. सकाळची मिस्सा व न्याहारी आटोपून भगिनी नेहमीप्रमाणे एप्रन बांधून कामाला लागल्या होत्या. साडेआठच्या सुमारास बंदूकधारी आत शिरले. सिस्टर अन्सेल्म भारतातील. सिस्टर मार्गरित व सिस्टर रेजिनेत रुआंडाच्या. सिस्टर ज्युडिथ केनियाची. या चौघींना त्यांनी ठार केले. आश्रमाच्या प्रमुख भगिनी दाराआड उभ्या राहिल्या आणि शोधणाऱ्यांच्या नजरेस पडल्या नाहीत, म्हणून वाचल्या. रहिवाशांपैकी मात्र एकालाही मारेकऱ्यांनी हात लावला नाही.

चार भगिनींची नावे जगभर गेली. पण मेलेली माणसे सोळा होती. उरलेल्या बारा जणांत पहारेकरी होते, वाहन हाकणारे होते, स्वयंपाकघरात व आजाऱ्यांजवळ राबणारे मदतनीस होते. त्यांत कोणी इथिओपियाचे, कोणी येमेनचेच. संस्थेतील एका भगिनीने नंतर या घटनेचा वृत्तान्त लिहून ठेवला. त्यात असे म्हटले आहे की, मारेकरी आल्याचे सांगायला काही इथिओपियन तरुण भगिनींकडे धावले आणि त्यांनाच प्रथम प्राण गमवावे लागले. त्याच वृत्तान्तानुसार आश्रमात काम करणाऱ्या बायका ‘भगिनींना मारू नका’ म्हणून आक्रोश करीत राहिल्या. त्यांत पंधरा वर्षे तेथे स्वयंपाक करणारी एक बाई होती. त्यांचाही शेवट तोच झाला. ही नावे फारशी कोठे छापली गेली नाहीत. पण युद्धभूमीवरील सेवेसाठी प्रार्थना करायची, तर ती केवळ पांढऱ्या साडीतील चौघींसाठी करून भागत नाही. त्यांच्यासाठी पदर पसरणाऱ्या त्या स्वयंपाकिणीचे स्मरण ज्या प्रार्थनेत नाही, ती अपुरी आहे.

त्या दिवशी आश्रमाच्या प्रार्थनामंदिरात एक धर्मगुरूही होते. केरळातील रामपुरमचे फादर टॉम उळुन्नालिल, सलेशियन संघाचे. एडनमधील चर्चची २०१५ साली नासधूस झाल्यावर ते भगिनींच्या आश्रयाला राहत होते. बंदूकधाऱ्यांनी त्यांना गाडीत घालून नेले. तेथून पुढे ५५७ दिवस ते बंदिवासात होते.

या दिवसांतील एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. २५ मार्च २०१६ रोजी गुड फ्रायडे होता. त्या दिवशी फादर टॉम यांना क्रूसावर खिळून मारण्यात येणार, किंवा मारण्यात आले, अशी वार्ता हातोहाती जगभर पसरली. कित्येक भाविकांनी अश्रू ढाळीत ती पुढे पाठविली. ती साफ खोटी होती. दक्षिण अरबस्तानचे तत्कालीन बिशप पॉल हिंडर यांना तिचा इन्कार करावा लागला. पाठविणाऱ्यांच्या मनात कपट नव्हते, कळकळच होती. पण केरळात फादरांचे नातेवाईक होते. त्यांच्या काळजाचे त्या दिवशी काय झाले असेल! संकटातल्या माणसासाठी प्रार्थना करणाऱ्याने आधी जिभेला लगाम घालावा. सत्य ठाऊक नसेल, तर मौन पाळूनही देवापुढे बसता येते.

१२ सप्टेंबर २०१७ रोजी ओमान सरकारच्या मध्यस्थीने फादर टॉम सुटले. दुसऱ्या दिवशी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांची व त्यांची भेट झाली. एका हिंदुस्थानी ख्रिस्ती धर्मगुरूच्या सुटकेसाठी एका मुसलमान सुलतानाचे राज्य खटपट करते आणि भारताचे सरकार तिचा पाठपुरावा करते, हे दृश्य मोठे आशादायक आहे. प्रार्थना फळली म्हणावे, की मुत्सद्देगिरी फळली म्हणावे? शेतकरी पावसाची प्रार्थना करतो म्हणून नांगर टाकून बसत नाही आणि नांगर धरला म्हणून पावसाला विसरत नाही. या दोहोंत भांडण लावण्याचे कारण नाही.

सुटून आल्यावर फादर टॉम यांनी सांगितले ते असे की, जवळ भाकर नव्हती, द्राक्षारस नव्हता, ग्रंथ नव्हता. तरी ते रोज मिस्सेचे शब्द पाठ असतील तसे मनातल्या मनात म्हणत राहिले. ज्यांनी पळवून नेले, त्यांच्यासाठीही ते प्रार्थना करीत होते. हे ऐकायला सोपे वाटते. पाचशेहून अधिक दिवस, उद्याची शाश्वती नसताना, ते करणे किती कठीण असेल! येशू ख्रिस्ताने क्रूसावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. हे वाक्य चर्चमध्ये ऐकणे निराळे आणि मारेकऱ्यांच्या हातचे अन्न खाताना आठवणे निराळे.

एडनचा प्रसंग एकटाच नाही. गाझा शहरात कॅथलिकांचे एकच चर्च आहे, ‘होली फॅमिली’ नावाचे. त्याच्या आवारात याच संस्थेच्या भगिनी अपंग मुलांची सेवा करीत आल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटल्यावर शेकडो माणसे त्या आवारात आसऱ्याला आली. १६ डिसेंबर २०२३ रोजी तेथे एक माता व तिची मुलगी गोळीबारात ठार झाली. त्याच दिवशी भगिनींच्या आश्रमावर तोफेचा मारा झाल्याने ५४ अपंग माणसांचे छप्पर गेले, असे जेरुसलेमच्या लॅटिन धर्मपीठाने कळविले. या दिवसांत पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी त्या चर्चच्या धर्मगुरूंना दूरध्वनी करीत. स्वतः रुग्णशय्येवर पडले, तरी २१ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या मृत्यूच्या अगदी अलीकडेपर्यंत त्यांनी हा क्रम सोडला नाही. तोफा थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. ‘कसे आहात?’ एवढे विचारणे हाती होते आणि ते त्यांनी केले. प्रार्थनेलाही अशी रोजची विचारपूस असावी लागते.

येमेनच्या युद्धात २०२१ अखेरपर्यंत सुमारे तीन लाख सत्त्याहत्तर हजार माणसे दगावली, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यांतील साठ टक्क्यांच्या आसपास माणसे गोळीने मेली नाहीत. उपासमारीने, रोगांनी, औषध-पाण्यावाचून मेली. म्हणून युद्धप्रदेशासाठी देवाकडे काय मागावे, हे ठरविणे अवघड नाही. दवाखान्यात औषध पोहोचावे. विहिरीचे पाणी शुद्ध राहावे. पिठाची गोणी नाक्यावर अडू नये. तेथे मागे राहिलेल्या परिचारिकेला, धर्मभगिनीला, इमामाला, डॉक्टराला भीतीवर मात करण्याचे बळ मिळावे. मृतांना शांती लाभावी, मग त्यांची नावे छापली गेलेली असोत वा नसोत. आणि ज्याच्या हाती बंदूक आहे, त्याचे मन पालटावे.

या शेवटच्या मागणीपाशी जीभ अडखळते. ती अडखळावीच, न अडखळता म्हटलेली क्षमा बहुधा पोकळ असते. पण तीच मागणी गाळली, तर उरते ती केवळ आपल्या माणसांच्या सुखाची याचना.

एडनच्या त्या आश्रमात ४ मार्चच्या सकाळी भगिनी गेल्यावर खाटांवर पडलेली म्हातारी माणसे मागे उरली होती. त्यांना उठता येत नव्हते, पळता येत नव्हते; कोणी तरी येण्याची वाट तेवढी पाहता येत होती. युद्ध पेटलेल्या प्रत्येक गावात अशा खाटा आहेत. रात्री घरातील दिवा मालविण्यापूर्वी त्या खाटांवरील माणसांचे क्षणभर स्मरण करावे. ते कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येण्याजोगे आहे.