पाइपची साल न काढता



 धातूत लपलेल्या दोषांवर बोलायला भरलेल्या या संमेलनाला मुंबईत चेंबूरहून योग्य जागा नाही. एका बाजूला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र, आणि या पट्ट्यात जिकडे तिकडे पाइप. त्यांतले कितीतरी इन्सुलेशन आणि वरच्या पत्र्याआड. पावसाळ्यात पत्र्याच्या सांध्यांतून पाणी झिरपतं आणि पाइप आतल्या आत गंजत राहतो. तपासायचं म्हटलं तर परांची बांधा, पत्रा उतरवा, इन्सुलेशन सोला, प्रोब लावा. काहीच निघालं नाही तर पुन्हा सगळं गुंडाळा. तपासणीपेक्षा परांचीचंच बिल मोठं येतं, हे इथल्या अर्ध्या सभागृहाला सांगायला नको.

म्हणून गाइडेड वेव्ह या तपासणी पद्धतीचं आम्हाला अप्रूप. पाइपवर एकाच ठिकाणी थोडं इन्सुलेशन काढून प्रोबचा पट्टा आवळायचा आणि दहा-वीस ते शंभर किलोहर्ट्झच्या आसपासची ध्वनिलहर सोडायची. ती भिंतीच्या आरपार न जाता भिंतीच्या अंगानेच दोन्हीकडे धावते आणि अनुकूल परिस्थितीत कित्येक मीटरांपर्यंतची खबर आणते. विजापूरच्या गोलघुमटात एका टोकाची कुजबुज भिंतीला धरून पार समोर पोचते, तसंच काहीसं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधल्या अशाच कुजबुजीचा उलगडा लॉर्ड रॅले यांनी केला होता. घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरींचं गणितही त्यांचंच, 1885 सालचं. पुढे 1917 मध्ये होरेस लॅम्ब यांनी पातळ पत्र्यातल्या लहरींचं गणित मांडलं. कारखान्यातल्या पाइपपर्यंत ही विद्या खऱ्या अर्थाने पोचली ती 1990च्या दशकात. त्यात इंपीरियल कॉलेजच्या पीटर कॉली आणि डेव्हिड अॅलेन यांचा वाटा मोठा.

पण यजमान म्हणून पाहुण्यांसमोर नुसती आरती ओवाळणं मला जमणार नाही. ही लहर भिंतीच्या छेदात झालेला बदल ओळखते. छेद पाचेक टक्क्यांनी घटला तर ती बहुधा सांगते. पण पाइपच्या लांबीच्या दिशेने गेलेली बारीक चीर छेद जवळजवळ घटवतच नाही, तेव्हा ती सहज निसटते. डांबराचा जाड लेप किंवा भोवतीची माती लहरीला गिळून टाकते. वेल्डकडून प्रतिध्वनी येतो, फ्लँजकडून येतो, आधारांकडूनही येतो. त्या गर्दीतून दोषाचा प्रतिध्वनी वेगळा काढणं हे अजूनही अनुभवी माणसाचं काम आहे. आणि दोष सापडला तरी तो किती खोल, हे ती धडपणे सांगत नाही. ‘इथे नीट बघा’ एवढंच सांगते.

मग बघायचं कोणी, आणि गरज पडली तर काम थांबवायचं कोणी? हा प्रश्न पाइपपुरता नाही. 28 एप्रिल 1988 रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाच्या छताचा सुमारे अठरा फुटांचा भाग हवेतच उडाला. पत्र्यांच्या जोडावर रिव्हेटच्या रांगेत धातूच्या थकव्याने चिरा पडल्या होत्या. विमान उतरलं, पण एका हवाई सेविकेचा जीव गेला. चौकशी अहवालात एक नोंद आहे. चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळच्या पत्र्यात चीर दिसली होती. ती कोणाला काही बोलली नाही. तिला मी दोष देत नाही. तिचं ऐकून विमान कोणी रोखलं असतं, याचीही मला खात्री नाही. आपल्याकडे तपासनिसाच्या अहवालावर उत्पादन विभागाने ‘पुढच्या शटडाऊनला बघू’ असा शेरा मारलेला कोणी पाहिला नाही?

म्हणून स्वागत समितीने एक आगाऊपणा केला आहे. प्रत्येक निबंधानंतर पहिला प्रश्न कारखान्यातला माणूस विचारेल, आणि तो एकच असेल: ‘मग मी प्लांट बंद करू का?’ वक्त्यांनी आलेखाकडे बोट न दाखवता उत्तर द्यावं, ही नम्र विनंती.

मागच्या अंगणात एक इन्सुलेशन चढवलेला पाइप ठेवला आहे. त्यात आमच्या वर्कशॉपच्या मंडळींनी मुद्दाम दोष केले आहेत. कुठे, ते मलाही ठाऊक नाही. उपकरणं आणलेल्यांनी ते शोधून चिठ्ठीवर लिहावेत. उत्तरांचं पाकीट उद्या दुपारच्या जेवणानंतर उघडू. जेवण साधंच आहे, पण वेळेवर मिळेल.