आठवड्यातून एकदा: आमवात आणि मेथोट्रेक्सेट

आमवात, म्हणजे वैद्यकीय परिभाषेतील ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांचा आजार नव्हे. शरीराची जी प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असते, तीच या आजारात सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजते आणि वेळीच आवर घातला नाही तर लगतचे हाडही कुरतडले जाते. दोन्ही हातांच्या बोटांचे मधले व मुळाकडचे सांधे बहुधा एकदमच धरतात, आणि सकाळी तास उलटून गेला तरी मूठ वळत नाही. पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांत गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा किंवा पोह्याचे पापड लाटणारा हात अशा सकाळी काय गमावतो, हे पेण तालुक्यात समजावून सांगावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत हा आजार सुमारे दोनशे प्रौढांमागे एकाला आढळला; त्यातही स्त्रियांचे प्रमाण सर्वत्र अधिक असते.

या आजारावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट होय, आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या गिरणगावातून निघतो. १९२८ च्या अखेरीस मुंबईत आलेल्या डॉ. लुसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते कृत्रिमरीत्या तयार झाले, आणि त्याच्याशी रचनेने मिळतीजुळती, पण त्याचे काम अडवणारी द्रव्येही तेथेच घडली. मेथोट्रेक्सेट हे त्यांपैकी एक. आधी ते कर्करोगावर वापरले गेले; आमवातासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये.

कर्करोगाचे औषध म्हटले की घरची मंडळी बिचकतात, आणि ती भीती समजण्याजोगी आहे. परंतु कर्करोगात जेथे शेकडो मिलिग्रॅम द्यावे लागतात, तेथे आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम पुरतात, आणि एवढ्या अल्प मात्रेत ते पेशी मारण्यापेक्षा ॲडेनोसिन नावाचे दाहशामक द्रव्य वाढवून सूज उतरवते. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात; तेवढ्या काळात धीर सुटून औषध सोडणे, हे बोटे कायमची वाकडी होण्याचे फार दुःखद आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.

सर्वांत मोठा धोका औषधात नसून वेळापत्रकात आहे. बाकीच्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात, ही मात्र आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. चुकून ती रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि अशा चुकीने माणसे दगावलेली आहेत. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर ‘फक्त सोमवारी’ असे वाराचे नाव ठळक मराठीत लिहिलेले असावे आणि घरातील आणखी एकाला तो वार ठाऊक असावा. उरलेल्या दिवसांपैकी एखाद्या दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ज्याने मळमळ व यकृतावरचा ताण कमी होतो. गिरणगावातल्या त्या शोधाचे फळ असे पुन्हा रुग्णाच्या तळहातावर येते. रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासण्या चुकवता येत नाहीत, मद्य वर्ज्य करणे हिताचे असते, आणि गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आधीच थांबवावे लागते.

रोह्याकडच्या भातशेतीत एक गोष्ट अधिक जपावी लागते. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला पायाच्या भेगांतून लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाची, लागण होऊ शकते. प्रतिकारशक्ती औषधाने आवरलेली असताना अंगात ताप भरला, तर तो अंगावर काढू नये, त्या आठवड्याची गोळी घेण्यापूर्वी दवाखाना गाठावा आणि आपण मेथोट्रेक्सेट घेतो, हे तेथे सर्वांत आधी सांगावे.